जुनी जेसीबी घेतोय: लोडर उतरतो, किंगपोस्ट वाजतो. भाव किती पाडू?

राऊ_खोदकाम
इंदूरला देवास नाक्यावर २०१२ची थ्रीडीएक्स विकायला आहे. मीटरवर ६,८०० तास. सकाळी पांढरा धूर येतो, दहाएक मिनिटांत जातो. लोडर (पुढची बकेट आणि तिचे हात) वर उचलून इंजिन बंद केलं की हळूहळू खाली येतो. मागचा बूम डावी-उजवीकडे फिरवला की किंगपोस्टमधून, म्हणजे बूम ज्या उभ्या सांध्यावर फिरतो तिथून, खट्ट आवाज. मालक म्हणतो, "सील किट टाका, झालं." काम मुरमाचं आणि काळ्या मातीचं. काय काय तपासू?

हायड्रॉलिकवाला
भिया, सील किटवर लगेच विश्वास ठेवू नका. वजनाने रॉड आत शिरतो तेव्हा त्याच्या जागेचं तेल सिलिंडरमधून बाहेर पडावं लागतं. लिव्हरचा कंट्रोल व्हॉल्व्ह घट्ट असेल तर नुसत्या पिस्टन सीलमुळे लोडर फारसा उतरत नाही. म्हणून किट टाकूनही तो उतरतच राहतो आणि मग बिचाऱ्या मिस्त्रीला शिव्या!

खात्री अशी करा. लोडर पूर्ण वर, सेफ्टी स्ट्रट (लोडर खाली पडू न देणारा आधार) लावलेला. इंजिन बंद करून लिव्हर हलवा, प्रेशर उतरू द्या. एका लिफ्ट सिलिंडरचा रॉडकडचा होज सोडा, होजला प्लग मारा, सिलिंडरचं तोंड उघडं ठेवा. इंजिन चालू करून लिव्हर 'वर' धरा. उघड्या तोंडासमोर कुणी उभं राहू नये. तिथून तेलाची धार लागली तर पिस्टन सील गेलं. नुसता थेंब-थेंब असेल तर व्हॉल्व्हचा स्पूल (आत सरकणारा दांडा) घासलाय, आणि तो खर्च मोठा. दुसरा सिलिंडरही असाच बघा.

धुराचं म्हणाल तर आधी इंजिनला हात लावा. तुम्ही पोचण्याआधीच गरम करून ठेवलं असेल तर परत या. गरम झाल्यावर धूर जात असेल आणि कूलंट कमी होत नसेल तर इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन. धूर टिकला, कूलंट घटलं तर हेड गॅस्केट. गरम इंजिन आयडलवर असताना ऑइल फिलरचं झाकण उलटं करून भोकावर ठेवा. उडून पडलं तर पिस्टनच्या रिंगा गेल्या.

पिनबुश
मी तर किंगपोस्टवरच भाव पाडीन. स्टॅबिलायझर (मागचे पाय) टेकवा, बूम लांब करा, बकेट जमिनीपासून वीतभर वर. एकाने बकेट हलवावी, दुसऱ्याने पिनेवर बोट ठेवावं. पिन बुशमध्ये हलली तर बुश बदलून भागेल. पण बुशच घरासकट हलत असेल तर भोक अंडाकृती झालंय; लाइन बोरिंगशिवाय, म्हणजे भोक मशीनने परत गोल केल्याशिवाय, नवा बुश टिकणार नाही. किंगपोस्टच्या फ्रेमवर कुठे ताजा पिवळा रंग दिसला तर खरवडून बघा, खाली वेल्डिंग निघतं.

आपल्याकडची ओली काळी माती सांध्यांत चिकटते, ग्रीसचं निपल झाकलं जातं आणि पिन कोरडी चालते. निपल साफ करून पंप मारा. जुनं ग्रीस बाहेर न येता नुसताच दाब लागला तर वाट बुजलीय.

६,८०० तासांवर जाऊ नका. भाड्याने चालणारी मशीन वर्षाला हजार-दीड हजार तास सहज चालते. बकेटचे दात तर बदललेले असतातच; पेडलचं रबर आणि लिव्हरच्या सांध्यांची ढिलाई बघा.

कागदवाला
चेसिस आणि इंजिन नंबर आरसीशी जुळवा. कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात पडल्याशिवाय टोकन देऊ नका. गाडी गुजरात किंवा महाराष्ट्र पासिंगची असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, वेगळी लागेल.