पांढऱ्या गाडीवर नारिंगी ठिपके: क्ले बार लावायचा का, आणि कसा?

रुळाकाठी (प्रश्न)

पांढरी हॅचबॅक, चार वर्षं जुनी, सगळा रंग कंपनीचाच. गाडी रोज डोंबिवलीत रेल्वे रुळांना लागून असलेल्या गल्लीत उघड्यावर उभी असते. बोनेट, छत आणि डिकीच्या दारावर टाचणीच्या टोकाएवढे नारिंगी ठिपके आलेत. शॅम्पूने धुतल्यावर जात नाहीत आणि हात फिरवला की खरखर लागते. त्यात सोसायटीच्या गेटला स्प्रेने काळा रंग मारला, त्याचे बारीक कण डाव्या बाजूच्या दोन्ही दारांवर बसलेत. दारांच्या खालच्या भागात डांबराचे थेंब आहेत, ते वेगळेच.

विचारायचं आहे ते असं. पत्रा आतून गंजायला लागलाय का? हे क्ले बारने (रंगावर रुतलेले कण उचलणारी, कणकेसारखी मळता येणारी वडी) निघेल, की वॉशिंग सेंटरवाले म्हणतात तसं रबिंगच, म्हणजे मशीनने घासून पॉलिशच, करावं लागेल? घरी करायचं तर क्ले किती घ्यायचा आणि त्यासोबत काय फवारायचं? पाण्याची पाइपलाइन खालपर्यंत नाही, बादल्यांवरच काम आहे.

दोन_बादल्या

पत्रा गंजलेला नाही. आतून गंज आला की रंग फुगतो, त्याला फोड येतो आणि तो बहुतेक कडांपाशी किंवा दगड लागलेल्या जागी येतो. तुम्ही सांगताय ते सपाट, वरच्या पृष्ठभागांवर विखुरलेले ठिपके म्हणजे बाहेरून येऊन बसलेले लोखंडाचे कण. रेल्वेची चाकं, रूळ आणि ब्रेक एकमेकांवर घासले की हे कण उडतात, गाडीवर पडतात, उन्हात रंगात रुततात आणि दमट हवेत तिथेच गंजतात. म्हणून छत आणि बोनेटवर जास्त, दारांवर कमी. काळ्या-करड्या गाड्यांवरही ते असतातच, फक्त दिसत नाहीत.

रबिंग आत्ता अजिबात करू नका. कण रंगात रुतलेले असताना त्यावर मशीनचा पॅड फिरवला, तर सुटलेले कण पॅडमध्ये अडकतात आणि गोल ओरखडे काढत फिरतात. कंपनीच्या रंगावरचा पारदर्शक थर (क्लिअर कोट) साधारण ४० ते ५० मायक्रॉन असतो, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी. तो घालवायला वेळ लागत नाही, परत आणता येत नाही.

पण थेट क्लेही लावू नका. लोक इथेच चुकतात. क्ले कणाचं वर आलेलं डोकं कापतो, मूळ आत राहतं. हात फिरवला तर गुळगुळीत लागतं, आणि काही आठवड्यांनी त्याच जागी नारिंगी ठिपका परत उगवतो. म्हणून क्रम असा: धुणं, लोखंडासाठी आयर्न रिमूव्हर, डांबरासाठी टार रिमूव्हर, पुन्हा धुणं, आणि मग क्ले. जे रसायनाने सुटतं ते रसायनानेच काढायचं. क्लेला शेवटचं उरलंसुरलं काम द्यायचं.

आयर्न रिमूव्हर. गाडी सावलीत, पत्रा हाताला गार. धुतल्यावर नीट टिपून घ्या, नाहीतर औषध पातळ होतं. छत, बोनेट, डिकी एवढ्यालाच २०० ते २५० मिली पुरतं, पूर्ण हॅचबॅकला साधारण ४०० मिली. फवारल्यावर दोन-तीन मिनिटांत ठिपक्यांभोवती जांभळे ओघळ दिसू लागतात. तो रंग लोखंड विरघळत असल्याची खूण आहे, त्याला घाबरू नका. सडक्या अंड्यासारखा वास येतो, तोही स्वाभाविक. हातमोजे घाला, मोकळ्या हवेत करा. तीन ते पाच मिनिटांत धुऊन टाका. वाळू द्यायचं नाही, वाळलं तर डाग पडतात. तुमच्याकडे पाइप नाही, तर एकावेळी एकच भाग घ्या: आधी छत, ते धुतल्यावर बोनेट. बागेत वापरतात तो ५ लिटरचा हातपंपाचा फवारा असेल तर उत्तम, नसेल तर मगाने भरपूर पाणी ओता. ठिपके उरले तर हेच पुन्हा एकदा.

डांबर. टार रिमूव्हर कापडावर घ्या, थेंबावर अर्धा-एक मिनिट दाबून धरा, मग पुसा. घासू नका. डांबरात खडीचे बारीक कण असतात. रॉकेल चालतं, पण तेलकट थर सोडतं, म्हणून त्यानंतर तो भाग शॅम्पूने धुवावाच लागतो. पेट्रोल नको: भराभर उडतं, त्यामुळे डांबर विरघळायच्या आत पसरतं, शिवाय आगीचा धोका. एनसी थिनर (रंगकामातलं तीव्र द्रावण) तर बाटलीचं झाकणही उघडू नका. गॅरेजमध्ये पुन्हा रंगवलेला भाग असेल तर तो रंगच मऊ होतो.

क्ले. सौम्य म्हणजे फाइन ग्रेडचा १०० ग्रॅमचा बार घ्या. त्याचे दोन तुकडे करा, ५०-५० ग्रॅमचे. एक वरच्या भागांसाठी, दुसरा दारांच्या खालच्या निम्म्या भागासाठी. दुसरा कधीही वर न्यायचा नाही. सगळा बार एकदम हातात घेतला आणि तो खाली पडला, तर सगळाच गेला. जमिनीवर पडलेला क्ले धुऊन वापरता येत नाही. त्यात रुतलेला एक वाळूचा कण अख्ख्या बोनेटवर रेघ मारतो.

तुकडा हातात कणकेसारखा मळून मऊ करा आणि तीन बोटांखाली मावेल अशी, छोट्या पुरीएवढी चकती थापा. दोन बाय दोन फुटांचा भाग घ्या. त्यावर आणि चकतीवर भरपूर लुब्रिकंट (चकती घसरावी म्हणून शॅम्पूचं पाणी, प्रमाण खाली दिलंय) फवारा, इतकं की ओघळ यावेत. मग चकती सरळ रेषेत पुढे-मागे सरकवा. गोल फिरवू नका आणि दाबू तर मुळीच नका, बोटांचं वजन पुरे. सुरुवातीला खरखर लागेल, आवाजही येईल. चार-सहा फेऱ्यांत आवाज थांबतो आणि चकती आपोआप घसरायला लागते. तो भाग झाला, पुसून पुढे जा. प्रत्येक भागानंतर चकतीचा खालचा चेहरा बघा. पिवळसर-करडी झाली की घडी घालून आत मळा, स्वच्छ बाजू वर आणा. मळूनही स्वच्छ बाजू मिळेनाशी झाली की तो तुकडा संपला.

लुब्रिकंट म्हणून पीएच न्यूट्रल कार शॅम्पू, एक लिटर पाण्यात साधारण १० मिली. हॅचबॅकला पाऊण ते एक लिटर सहज लागतं. भांड्यांचा साबण नको, तो तेल तोडायला बनवलेला असतो, घसरण देत नाही. स्पिरिट असलेलं काहीही नको, क्ले विरघळून चिकट होतो. आणि घरच्या आरओचं वाया जाणारं पाणी लोक गाडीला वापरतात, तेही नको. नळाच्या पाण्यातले सगळे क्षार त्यातच साठलेले असतात, वाळल्यावर पांढरे ठसे उरतात.

तपासायची सोपी रीत: धुतलेल्या, ओल्या पत्र्यावर हाताला पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून बोटं फिरवा. उघड्या बोटांना न जाणवणारा कणही पिशवीतून टोचतो. क्लेच्या आधी आणि नंतर दोन्ही वेळा बघा. जिथे आधीच गुळगुळीत लागतं तिथे क्ले लावायची गरज नाही.

गेरू_आणि_चुना

गेटच्या रंगाबद्दल थोडी भर. स्प्रेचे कण हवेत उडताना अर्धे वाळलेले असतात, त्यामुळे ते गाडीच्या रंगात विरघळत नाहीत, वर नुसते चिकटून बसतात. क्ले ज्या कामासाठी सगळ्यात उपयोगी, ते हेच. फाइन ग्रेडने दोनदा करून बघा. नाहीच निघाले तर फक्त त्या दोन दारांसाठी मीडियम ग्रेड घ्या. मीडियमने हलकी धूसर छटा येते. पांढऱ्या रंगावर ती फारशी दिसत नाही, पण उन्हात तिरकं बघून खात्री करा. आरशांच्या मागच्या बाजू आणि काचाही तपासा. तिथेही कण बसलेले असतात आणि नेमके विसरले जातात.

कंपनीचा साधा पांढरा रंग काही गाड्यांवर क्लिअर कोटशिवाय असतो. अशा गाडीवर क्ले किंवा पॉलिश केलं की चकतीवर, कापडावर पांढरं येतं. आधी दाराच्या आतल्या कडेला गडद कापडावर थोडं पॉलिश घेऊन घासून बघा. पांढरं आलं तर क्ले करायला हरकत नाही, पण फेऱ्या कमी ठेवा.

जवळ बांधकाम चालू असेल तर एक सावधगिरी: सिमेंटचे शिंतोडे क्लेने काढू नका. त्यात वाळू असते, ती चकतीखाली ओढली जाते. साधा पांढरा व्हिनेगर टिश्यूवर घेऊन शिंतोड्यावर १० मिनिटं ठेवा, सिमेंट भुसभुशीत होतं. मग भरपूर पाणी. बोअरच्या पाण्याचे पांढरे ठसेही याच जातीचे. व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात, एक-दोन मिनिटं, आणि लगेच धुवा. एवढ्यानेही न गेलेला ठसा म्हणजे क्लिअर कोट खाल्ला गेलाय, तिथे क्लेचा काही उपयोग नाही, पॉलिशच लागेल.

रुळाकाठी

आयर्न रिमूव्हर दोनदा मारला. छतावरून जांभळं पाणी वाहिलं आणि बहुतेक ठिपके गेले. छतावर क्लेही नीट झाला. पण बोनेटवर चकती अडकायला लागली, मागे चिकट करडे पट्टे राहिले, पुसून जात नाहीत. तेव्हा साडेअकरा वाजले होते, अर्ध्या बोनेटवर ऊन होतं. आणि दोन दारांमधल्या काळ्या चकचकीत पट्टीवर चकती फिरवली, तिथे बारीक ओरखडे दिसतायत. ते जातील का?

दोन_बादल्या

पट्टे म्हणजे क्लेच आहे. पत्रा तापला की लुब्रिकंट फवारताक्षणी वाळायला लागतं आणि क्लेही मऊ पडून गाडीला चिकटतो. बोनेट थंड होऊ द्या, मग भरपूर लुब्रिकंट मारून त्याच चकतीने अगदी हलक्या हाताने फिरवा. क्ले क्लेला धरतो, बरेचसे पट्टे तसेच उचलले जातात. उरलेले टार रिमूव्हर लावलेल्या मायक्रोफायबरने पुसा आणि तो भाग शॅम्पूने धुवा. पुढचं काम सकाळी सात ते नऊच्या दरम्यान, किंवा ऊन उतरून पत्रा गार झाल्यावर करा. याउलट थंडीत चकती कडक पडते, तेव्हा ती कोमट पाण्यात दोन मिनिटं ठेवून मळायची.

ती काळी पट्टी चकचकीत प्लॅस्टिकची आहे. ते कापडानेही ओरखडतं, क्ले तिथे कधीच लावायचा नाही. आता बारीक फिनिशिंग पॉलिश, मऊ स्पंज आणि हलका हात. ओरखडे उथळ आहेत, बरेच कमी होतील. काळ्या खरखरीत प्लॅस्टिकवर आणि रबरावरही क्ले नको, दाण्यांमध्ये अडकून बसतो. कडेला अर्धा इंच मास्किंग टेप लावली की प्रश्नच मिटतो.

काचवाला_कोपरा

क्ले मिटबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. हातमोजा किंवा कापडाच्या रूपात येतो, एका बाजूला रबरासारखा थर असतो. पडला तर धुऊन परत वापरता येतो, गाडी निम्म्या वेळात होते आणि पुष्कळ वेळा चालतो. पण हाताला कण जाणवत नाहीत, त्यामुळे जोर जास्त लागतो. नवा मिट आधी काचेवर पाच मिनिटं फिरवून मऊ करावा लागतो, नाहीतर पहिल्याच दारावर धूसर पट्टे उमटतात. काळ्या किंवा गडद निळ्या गाडीला बारच बरा. तुमच्या पांढऱ्या गाडीला मिट चालेल.

पुढची काच मात्र क्लेने जरूर करा. वायपर थरथरत, आवाज करत फिरत असेल तर दर वेळी रबरच खराब असतं असं नाही. काचेवर बसलेला तेलकट थर आणि कणही तेच करतात. काच कडक असते, तिथे वापरून मळलेला तुकडाही चालतो. रंगावरून बाद केलेले तुकडे त्यासाठीच ठेवा, पण परत रंगाकडे नेऊ नका.

मॅट रंगावर क्ले नाही, जिथे फिरवाल तिथे चमकदार चट्टे पडतात. सिरॅमिक कोटिंग (रंगावर लावलेला कडक संरक्षक थर) असेल तर क्लेने तेही झिजतं, तिथे आयर्न रिमूव्हरवरच भागवा. नव्याने रंगवलेल्या भागाला दोन महिने हात लावू नका.

दोन_बादल्या

एक राहिलं. क्ले झाल्यावर गाडी शॅम्पूने परत धुवा, टिपून कोरडी करा आणि त्याच दिवशी रंगाला संरक्षण देणारं वॅक्स किंवा सीलंट लावा. क्लेसोबत आधीचं वॅक्सही निघून जातं, रंग उघडा पडतो. रात्रभर रुळाजवळ तशीच ठेवली तर पहिले कण त्याच रात्री बसतील. आपल्याकडच्या उन्हात कार्नोबा वॅक्स महिना-दोन महिने टिकतं, सिंथेटिक सीलंट चार-सहा महिने. तुमच्या जागेसाठी सीलंटच घ्या.

क्ले वर्षातून एकदा, फार तर दोनदा. पाऊस संपला की दसऱ्याच्या आधीचा आठवडा सोयीचा. तुम्ही मात्र दर दोन-तीन महिन्यांनी आयर्न रिमूव्हर फक्त छत आणि बोनेटवर मारत राहा, म्हणजे क्लेला पुढच्या वेळी फारसं काम उरणार नाही. दसऱ्याला बोनेटवर हळद-कुंकू लावलं तर ते दुसऱ्या दिवशी सकाळीच धुवा, पांढऱ्या रंगावर कुंकवाची छटा बसते.

उरलेला क्ले त्याच्या डबीत, वर दोन फवारे लुब्रिकंटचे मारून ठेवा. डबी गाडीत ठेवू नका, उन्हात वितळून तळाला बसतो.