रानवाटेच्या गाडीला आवरण: विनाइल, पीपीएफ की नुसता रंग?

नमस्कार.

ताम्हिणीच्या करवंदीच्या जाळ्यांनी आणि वेल्ह्याकडच्या मुरमाने माझ्या थारच्या अंगावर गेल्या काही वर्षांत जे लिहून ठेवले आहे, ते वाचून आमच्या सोसायटीतले एक काका दर रविवारी मला विचारतात, की एवढी महागाची गाडी घेतली तर तिला काही आवरण का नाही घातलेस. प्रश्न साधा आहे, पण उत्तर शोधायला निघालो तेव्हा बाणेरपासून भोसरीपर्यंत प्रत्येक ठिकाणी वेगळा सल्ला आणि वेगळा दर मिळाला, आणि गाडी नेमकी कोठे जाते हे मात्र जवळजवळ कोणीच विचारले नाही. म्हणून ज्यांची गाडी खरोखर डांबर सोडून खाली उतरते, त्यांनी आपला अनुभव येथे सविस्तर लिहावा, अशी विनंती आहे. काय लावले, किती पावसाळे टिकले, काढताना काय झाले आणि आज पुन्हा ठरवायचे असते तर काय केले असते, एवढे आले तरी पुष्कळ. दुकानांची जाहिरात नको आणि नावानिशी बदनामीही नको.

सुरुवातीलाच एक घोळ दूर करतो. आपल्याकडे ‘रॅप’ हा एकच शब्द दोन अगदी निराळ्या वस्तूंसाठी वापरला जातो. विनाइल म्हणजे पीव्हीसीची पातळ फिल्म. चिकट थर धरून ती साधारण 80 ते 100 मायक्रॉन भरते आणि तिचे मुख्य काम रंग बदलणे हे आहे. पीपीएफ म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्म, अर्थात रंगाला मार लागू नये म्हणून लावायची फिल्म. ही थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनची, म्हणजे टीपीयूची, बहुधा पारदर्शक फिल्म असते आणि तिची जाडी 150 ते 200 मायक्रॉनच्या आसपास असते. कारखान्यातून आलेल्या रंगाचे सगळे थर मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन होतात, हे लक्षात घेतले तर दगडाचा मार कोण झेलू शकेल ते वेगळे सांगायला नको. सिरॅमिक कोटिंगचा थर त्यापुढे नगण्य असतो. त्यामुळे चिखल लवकर सुटतो हे खरे, पण काट्याशी आणि खड्याशी त्याचे काही देणेघेणे नाही.

माझा स्वतःचा अनुभव आधी मांडतो. पहिले वर्षभर मी गाडीला काहीही लावले नाही, आणि हा निर्णय आळसातून झाला असला तरी तोच सर्वांत उपयोगी ठरला. वर्षानंतर गाडी स्वच्छ धुऊन, बाजूने बॅटरीचा प्रकाश टाकून, जिथे जिथे रंग उडाला होता तिथे तिथे मी कागदी चिकटपट्टीचे तुकडे लावले. छताला काहीच झालेले नव्हते. बॉनेटच्या पुढच्या कडेवर हायवेवरच्या खड्यांचे ठिपके होते, आणि सर्वांत जास्त पट्ट्या लागल्या त्या दारांच्या खालच्या भागावर. तिथे मार कोणाचा, तर माझ्याच पुढच्या चाकांचा! मी रुंद मड टायर बसवले होते, ते चाकावरच्या प्लास्टिकच्या कमानीबाहेर बोटभर येत होते आणि मुरमाचे खडे उचलून मागच्या पत्र्यावर फेकत होते. म्हणजे हजारो रुपयांच्या फिल्मआधी मला चांगले लांब मडफ्लॅप हवे होते. ते बसवल्यावर मग बॉनेटची पुढची कड, आरसे, काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब, दारांचा गुडघ्याखालचा भाग, उंबरे आणि हँडलच्या मागची खळगी एवढ्यालाच पीपीएफ लावले. संपूर्ण गाडीला मागितलेल्या दराच्या साधारण चौथ्या हिश्शात काम झाले. करवंदीचे हलके ओरखडे उन्हात गाडी उभी केली की बऱ्याच अंशी भरून येतात. फिल्मचा वरचा थर उष्णतेने सैल होऊन पुन्हा सपाट होतो, त्याचा हा परिणाम आहे. पण वरंध्याच्या बाजूला एका दरडीच्या कोपऱ्याने जो आरपार चिरा दिला, तो भरला नाही आणि भरणारही नव्हता. ‘सेल्फ हीलिंग’ या शब्दावर किती विसंबायचे, ते तेव्हा कळले.

बावधन, जिम्नी

माझी कथा रंगबदलाची आहे. मला गाडीला लष्करी हिरवा मॅट रंग हवा होता, नमुनाही निवडून झाला होता आणि दुकानदार दुसऱ्याच दिवशी गाडी घ्यायला तयार होता. आमच्या इमारतीत एक निवृत्त सुभेदारसाहेब राहतात, त्यांनी सहज विचारले, “हा रंग कोणाचा आहे, ठाऊक आहे ना?” केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 121 प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखलेला आहे, हे मला तोवर माहीत नव्हते, आणि दुकानदाराला माहीत असूनही त्याने सांगितले नव्हते. फिल्म म्हणजे रंगकाम नव्हे, असा युक्तिवाद तो नंतर करू लागला. पण नाक्यावर भर उन्हात पोलिसांसमोर हा शब्दच्छल करत उभे राहण्याची माझी तयारी नव्हती. शिवाय दुसरा कोणताही रंग घेतला तरी आरसीवर गाडीचा रंग नोंदलेला असतो, आणि नोंदीतला तपशील बदलणारा फेरफार मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 खाली येतो, म्हणजे संगम पुलाजवळच्या आरटीओत जाऊन रीतसर नोंद करून घेणे आले.

शेवटी मी मूळ रंग तसाच ठेवून त्यावर पारदर्शक मॅट पीपीएफ लावले. रंग तोच राहिला, चकाकी तेवढी गेली आणि मला हवा होता तो रांगडेपणा बराचसा मिळाला. त्याची किंमत मात्र वेगळ्या तऱ्हेने मोजतो आहे. कोकणात उतरलो की जांभ्याची तांबडी माती मॅट पृष्ठभागात बसते, आणि चकचकीत फिल्मसारखे मॅट फिल्मला पॉलिश करून डाग काढता येत नाहीत, कारण पॉलिश केले की नेमकी तेवढीच जागा चमकू लागते. त्यामुळे महाडहून परतताना चिखल वाळू न देता वाटेतच पाण्याने भिजवून काढण्याची सवय लावून घ्यावी लागली.

भोसरी, फिल्म बसवण्याचे काम करणारा

मी गिऱ्हाईक नाही, कारागीर आहे. तरीही लिहितो, कारण वर दुकानदारांविषयी आले आहे ते बरेचसे खरे आहे. लोक येतात ते ब्रँडचे नाव घेऊन. चांगली फिल्म आता परदेशातूनच यावी लागते असेही नाही. छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला गरवारेंच्या कारखान्यात पीपीएफ तयार होते. पण उत्तम फिल्म वाईट हातांनी लावली तर दोन महिन्यांत कडा उचलतात, आणि साधी फिल्म नीट लावली तर काही वर्षे तक्रार येत नाही.

तीन गोष्टी स्वतः उभे राहून पाहा. पहिली म्हणजे फिल्म गाडीवर ठेवून ब्लेडने कापली जाते की संगणकावर आकार काढून प्लॉटरवर आधीच कापलेली येते. गाडीवर कापताना हात जरा जड पडला तर ब्लेड खालचा रंग चिरते, आणि ती रेघ फिल्म निघेपर्यंत कोणाला दिसत नाही. दुसरी म्हणजे कड आत वळवतात की काठाशी सोडून देतात. चिखलातल्या गाडीला काठाशी सोडलेली फिल्म चालत नाही. तिथे माती शिरते आणि काळी रेघ तयार होते. तिसरी म्हणजे काळे खरबरीत प्लास्टिक. थारच्या कमानींना पीपीएफ लावून द्या असे लोक म्हणतात, पण त्या पृष्ठभागावर गोंद नीट धरत नाही. तिथे लावून पैसे घेणारा माणूस तुम्हाला फसवतो आहे, असे समजायला हरकत नाही.

विनाइलचे दोन प्रकार असतात. कास्ट विनाइल ओतून बनवतात, त्यामुळे ते वळणावर शांत बसते. कॅलेंडर्ड विनाइल रुळांखाली ताणून पातळ केलेले असते; ऊन लागले की ते मूळ आकाराकडे जाऊ पाहते आणि खोलगट जागांतून, कडांवरून आखडते. सपाट दारावरच्या पट्ट्यासाठी ते ठीक आहे, पण बंपरवर किंवा खोल घडीत ते घेऊ नये. कोणते लावले आहे हे बिलावर लिहून मागा. आढेवेढे घेतले तर उत्तर मिळालेच.

पीपीएफ पाण्यावर लावतात, म्हणून पहिले काही दिवस आत पाण्याचे फुगे दिसतात आणि ते आपोआप जातात. तेवढ्यासाठी फोन करू नये, ही माझी वैयक्तिक विनंती!

हडपसर, शेती शिरूर तालुक्यात

वरच्या सगळ्यांविषयी आदर राखून मी वेगळे मत मांडतो. माझी जुनी बोलेरो दर आठवड्याला पाणंदीतून शेतावर जाते. दोन्ही बाजूंनी बाभळीच्या फांद्या घासतात, उसाचे पाते रंगावर बारीक जाळे काढते आणि काळ्या मातीचा चिखल वाळला की सिमेंटसारखा बसतो. मी काहीही लावलेले नाही. पत्रा उघडा पडला तर गंज धरू नये म्हणून तेवढ्या ठिपक्यावर वर्षातून एकदा टचअपचा रंग लावतो. कोरडा चिखल फडक्याने कधी पुसत नाही, आधी पाण्याने भिजवून मऊ करतो. कारण माझ्या गाडीवरचे निम्मे ओरखडे बाभळीने नव्हे, तर आमच्या गड्याच्या फडक्याने काढलेले आहेत. गाडी कामाची असेल तर ती कामाचीच दिसावी.

सिंहगड रस्ता, जुनी घेतलेली गुरखा

माझ्याकडून झालेली चूक सविस्तर सांगतो, कारण ती टाळण्याजोगी होती. मी गुरखा दुसऱ्या मालकाकडून घेतली तेव्हा तिच्यावर काळे विनाइल होते. ते किती जुने आहे हे त्यांनाही सांगता येत नव्हते. मी ते काढायला दिले. छतावरचे आणि बॉनेटवरचे विनाइल उन्हाने इतके कडक झाले होते की ते अखंड निघेना. नखाएवढे तुकडे हीटगनने ऊब देत सोलावे लागले आणि एका दिवसाचे काम चार दिवस चालले. बाजूंचे मात्र सहज निघाले. आडव्या पृष्ठभागावर ऊन थेट पडते, म्हणून तिथली फिल्म आधी मरते, हे तेव्हा कारागिराने दाखवले.

खरा धक्का डाव्या दारावर बसला. फिल्मबरोबर रंगाचा वरचा पारदर्शक थरही पापुद्र्यासारखा निघून आला. ते दार पूर्वी कधीतरी ठोकून पुन्हा रंगवलेले होते आणि मला कोणी ते सांगितले नव्हते. कारखान्यातला भट्टीत पक्का झालेला रंग फिल्म काढताना सहसा टिकतो. गॅरेजमध्ये मारलेल्या रंगाची पकड तेवढी नसते. आता मी कोणालाही सांगतो, की जुन्या गाडीला काहीही लावण्यापूर्वी किंवा तिच्यावरचे काढण्यापूर्वी रंगाची जाडी मोजणारे मीटर प्रत्येक पत्र्यावर लावून बघा. एखाद्या ठिकाणी आकडा शेजारच्या पत्र्याच्या दुप्पट आला तर तिथे रंगकाम झालेले आहे हे ओळखावे. नुकतेच रंगकाम केले असेल तर आतले द्रव्य उडून रंग वाळायला किमान महिनाभर द्यावा आणि मगच फिल्मचा विचार करावा.

औंध

स्वस्तात संपूर्ण गाडी करून मिळाली म्हणून मी आनंदात होतो. दुसऱ्या उन्हाळ्यात पांढऱ्या गाडीवर पिवळसर झाक आली. चौकशी केली तेव्हा ती टीपीयू नव्हे, तर टीपीएच नावाने विकली जाणारी पीव्हीसीवर आधारलेली फिल्म निघाली. वॉरंटीच्या कागदावर रोलचा क्रमांकच नव्हता, त्यामुळे बोलायला जागा उरली नाही. रोल डोळ्यांसमोर उघडायला सांगणे आणि त्यावरचा क्रमांक कागदावर घेणे, एवढे पाच मिनिटांचे काम मी केले नाही.

वानवडी

एकच सूचना आहे. घाटातून आल्यावर धुलाई केंद्रातला मुलगा प्रेशरचा नोझल कडेच्या अगदी जवळ धरतो. फिल्मच्या काठाला तिरपी धार बसली की ती उचलते. हातभर अंतर ठेवून समोरून पाणी मारायला सांगावे आणि तो पाणी मारेपर्यंत तिथून हलू नये.

पिंपळे सौदागर, थार रॉक्स

दोन गोष्टींची भर घालतो. माझ्या गाडीला पवनेच्या बाजूला एक दुचाकी घासली आणि विम्यातून दार रंगवून मिळाले. पण त्या दारावरच्या पीपीएफचे पैसे मिळाले नाहीत, कारण विमा उतरवताना मी ते कोठेही नोंदवलेले नव्हते. त्यामुळे आता त्या एका दाराला फिल्म नाही आणि बाकी गाडीला आहे. तिरप्या उन्हात तो फरक दिसतो, निदान मला तरी दिसतो.

ते दार पुन्हा करून घ्यायला मी आषाढात गेलो, तेव्हा कारागीर म्हणाला, “दादा, या दमट हवेत कड लवकर धरत नाही, आणि तुम्ही चार दिवस गाडी घरी ठेवणारही नाही. दसऱ्यानंतर या.” काम समोर आलेले असताना ते पुढे ढकलणारा माणूस मला या सगळ्या शोधात पहिल्यांदाच भेटला, म्हणून मी तिथेच आगाऊ रक्कम देऊन आलो. त्यानंतरच्या रविवारी मुळशीच्या मागे चिलारीच्या एका फांदीने नेमके तेच दार गाठले.