अनुभव धागा: पूर ओसरला, हप्ता सुरूच

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर, २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूण. गाळ उपसून होतो न होतो तोच गृहकर्जाच्या हप्त्याची तारीख येते. कर्ज, विमा, बांधकाम, महसूल या कामांत रोज हात असणाऱ्यांनी इथे लिहावं. धीर द्यायला बरेच जण असतात. कुठला कागद, कुणाकडे, कधी आणि गाडं कुठे अडतं, तेवढं सांगा.

बँकेच्या कर्ज विभागातून

हप्ता आपोआप थांबेल असं धरून बसू नका. बँकर्स समितीनं (राज्यातल्या बँकांची एकत्र समिती) सवलत जाहीर केली तरी शाखेत स्वतः अर्ज करा. 'मदत करावी' असं मोघम लिहू नका. कर्ज खाते क्रमांक, पंचनाम्याची प्रत, उत्पन्न का आणि किती महिने बंद राहणार, आणि मागणी नेमकी काय (तीन महिने स्थगिती, की मुदतवाढ) हे लिहा. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या. हप्ता कापला जायच्या आठवडाभर आधी अर्ज पोचला पाहिजे. नाहीतर हप्ता परत जातो आणि दोन्हीकडून आकार लागतो, बचत खात्याकडून एक आणि कर्ज खात्याकडून दुसरा.

थकबाकी ९० दिवसांपुढे गेली की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या हिशेबी थकीत-बुडीत. त्यानंतर सरफेसी कायद्याच्या (कोर्टात न जाता तारण घर ताब्यात घेऊ देणारा कायदा) कलम १३(२) ची ६० दिवसांची नोटीस येऊ शकते. तिला लेखी हरकत घेतली तर बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. लोक घाबरून नोटीस कपाटात ठेवतात आणि हा हक्क वाया जातो. पण खरं बोलणं ९० दिवसांच्या आतच होतं. पुढे शाखाधिकाऱ्याच्या हातात फारसं काही उरत नाही.

हिशेबाचं मी सांगतो

स्थगिती म्हणजे माफी नव्हे, व्याज चालूच असतं. शिल्लक २० लाख, दर ९ टक्के, उरलेले हप्ते १८०, हप्ता साधारण २०,२८५. तीन महिने काहीच भरलं नाही तर मुद्दल होतं २०,४५,३३८. आता दोन वाटा. हप्ता तोच ठेवला तर १८० च्या जागी जवळपास १८९ हप्ते, म्हणजे सुमारे १ लाख ८० हजार जास्त. हप्ते १८० च ठेवून रक्कम २०,७४५ केली तर महिन्याला ४६० वाढतात आणि एकूण जास्तीचे ८३ हजारांच्या आसपास. बँक विचारत नाही, बहुतेकदा मुदतच वाढवते. अर्जात 'मुदत तीच ठेवून हप्ता वाढवावा' हे एक वाक्य घाला. आणि जमत असेल तर स्थगितीतही निदान व्याजाचे महिन्याला १५,००० भरत राहा, मुद्दल फुगत नाही.

विमा सर्व्हेअर

आधी पॉलिसी बाहेर काढून नाव वाचा. कर्जासोबत गळ्यात मारलेला 'होम लोन इन्शुरन्स' बहुतेकदा कर्जदाराच्या आयुष्याचा विमा असतो. भिंत पडली तर त्यातून एक रुपयाही मिळत नाही. घराचा विमा वेगळा. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे 'भारत गृह रक्षा' आहे आणि त्यात पूर, भूस्खलन येतं.

विम्याची रक्कम चटई क्षेत्र गुणिले बांधकामाचा दर अशी धरतात. ६५ चौरस मीटर, दर २०,००० धरला तर १३ लाख. घराच्या करारनाम्यात किंमत ४५ लाख असली तरी त्यावर विम्याचा हप्ता भरू नका, त्यात जमिनीची किंमत आहे आणि जमीन वाहून जात नाही (नदीकाठी कधी कधी जाते, पण तिचा विमा होत नाही). घरातल्या सामानाला या १३ लाखांच्या २० टक्के, म्हणजे २ लाख ६० हजार, आपोआप संरक्षण असतं. कमाल मर्यादा १० लाख. राडारोडा हलवायला दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत मिळतात, ते मागायला लोक विसरतात.

गाळ धुण्याआधी भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेला टेप लावून फोटो काढा, आकडा वाचता आला पाहिजे. फ्रिज, वॉशिंग मशीन टाकताना मागच्या पट्टीवरचा मॉडेल आणि सीरियल नंबर टिपा. गाद्या नगरपालिकेच्या गाडीत गेल्या की पुरावाही गेला.

बांधकाम अभियंता

'दुरुस्ती ३ लाख' असं एकरकमी अंदाजपत्रक सर्व्हेअर कापतोच. खोलीवार लिहा: गिलावा किती चौरस फूट, बोर्ड किती, वायरिंग किती मीटर, दर काय. ओल पाण्याच्या रेषेच्या वर चढते, त्यामुळे गिलावा रेषेपर्यंतच धरलात तर खर्च कमी दिसतो. भिंत वाळायच्या आत रंग दिला तर पुढच्या पावसाळ्याआधीच पोपडे सुटतात, आणि तो खर्च दाव्यात येत नाही.

पुन्हा कर्ज विभागातून

एक राहिलं. पॉलिसीवर बँकेचं नाव असेल तर भरपाई बँकेकडे जाते. ती सरळ मुद्दलात वळती झाली की कर्ज कमी होतं, पण छप्पर तसंच गळतं. दावा मंजूर व्हायच्या आधीच शाखेला पत्र द्या: 'रक्कम दुरुस्तीसाठी टप्प्याटप्प्यानं, बिलं पाहून सोडावी.' सोबत वरचं खोलीवार अंदाजपत्रक जोडा. एकदा जमा-नोंद पडल्यावर उलटी फिरवून घेणं महाकठीण.

महसूलकडून

पंचनाम्यात 'अंशतः' की 'पूर्ण' यावर सगळं ठरतं. केंद्राच्या आपत्ती मदतीच्या २०२२-२६ च्या निकषांत पूर्ण पडलेल्या पक्क्या घराला सपाट भागात १,२०,०००, अंशतः पडझडीला (किमान १५ टक्के) ६,५००. तलाठ्यासमोर सही करण्याआधी तो शब्द वाचा. घर क्रमांक मालमत्ता पत्रकाशी जुळतो का, तेही पाहा. बँक आणि विमा कंपनी हाच कागद मागणार आहेत.

तक्रारीबद्दल

बँकेनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. कर्ज गृहवित्त कंपनीचं असेल तर तिथे नाही, राष्ट्रीय आवास बँकेकडे. विम्याचा वाद ५० लाखांपर्यंतचा असेल तर विमा लोकपाल. सांगली, कोल्हापूर, चिपळूणसाठीचं कार्यालय पुण्यात आहे, वकील लागत नाही. शिक्क्याची प्रत तिथेही लागते.