चरबी जाळणाऱ्या गोळ्यांच्या दाव्यांवर कितपत विसंबावे?

प्रश्न (धरमपेठ, नागपूर):
माझ्या धाकट्या बहिणीने व्यायामशाळेतील प्रशिक्षकाच्या सांगण्यावरून ‘फॅट बर्नर’ कॅप्सूल आणल्या आहेत. डब्यावर ‘शंभर टक्के नैसर्गिक’ असे शब्द आणि एफएसएसएआयचा (भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाचा) परवाना क्रमांक आहे. दोन दिवसांपासून तिला धडधड होते, झोप लागत नाही. तो क्रमांक सुरक्षिततेची हमी समजावी का?

उत्तर १ (औषधविक्रेता, सीताबर्डी):
ताई, गोळ्या आजच थांबवा आणि डबा घेऊन डॉक्टरांकडे जा. तो १४ अंकी क्रमांक व्यवसायाच्या परवान्याचा असतो. त्याने चरबी घटते हे सिद्ध होत नाही. ‘नैसर्गिक’ या शब्दानेही निर्धास्त होऊ नये, कारण हृदयविकार व पक्षाघाताचा धोका वाढवते म्हणून भारतात २०११ मध्ये बंदी आलेले सिब्युट्रामीन हे भूक कमी करणारे औषध ‘वनौषधी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलमध्ये वेष्टनावर न लिहिता मिसळलेले वारंवार आढळले आहे. ग्रीन टीचा अर्कही पाहा: त्यातील ईजीसीजी हा घटक दिवसाला ८०० मिलिग्रॅम वा अधिक गेल्यास यकृताला इजा होऊ शकते, असा इशारा युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये दिला होता.

उत्तर २ (मनीषनगर):
घटकांच्या यादीत कॅफीन किती आहे ते मोजा. निरोगी प्रौढासाठी चहा-कॉफीसह दिवसाला ४०० मिलिग्रॅमची मर्यादा मानतात. ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’ (कंपनीचे स्वतःचे मिश्रण) असे लिहून प्रमाण लपवलेले असेल, तर मी तो डबा घेणारच नाही. आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो, त्यात अशी उत्तेजके घेऊन व्यायाम करणे मला फार धोक्याचे वाटते.

प्रश्नकर्ती:
प्रमाण खरोखरच लिहिलेले नाही. आज संध्याकाळीच तिला डॉक्टरांकडे नेते.