मदत हवी आहे : लहान क्रूझ जहाजावर कॅसिनो असावा का?

नमस्कार. साताऱ्यातील आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाची पुढील सहल लहान क्रूझ जहाजाने करण्याचा विचार चालू असून, जहाज निवडताना कॅसिनोच्या मुद्द्यावर सभासदांत दोन तट पडले आहेत. काहींचे म्हणणे असे की, संध्याकाळी घटकाभर करमणूक झाली तर बिघडले कुठे. इतरांना (त्यांत मीही आलो) वाटते की, शे-दोनशे प्रवाशांच्या जहाजावर जागा मुळातच मोजकी असल्याने ती वाचनालयाला किंवा मोकळ्या डेकला मिळावी, शिवाय मोठ्या जहाजावर जुगाराच्या दालनापासून दूर राहता येते, तसे तेथे जमणार नाही.

महाराष्ट्रात १९७६ चा कॅसिनो कायदा कधी अमलात आलाच नाही आणि २०२३ मध्ये तो रद्दही झाला; गोव्यात मात्र मांडवी नदीत कॅसिनोची जहाजे उभीच असतात. पर्यटन जहाजांवरील कॅसिनो सहसा बंदरात बंद ठेवतात, म्हणजे प्रश्न भर समुद्रातील संध्याकाळचाच उरतो.

लहान जहाजाने प्रवास केलेल्यांनी कृपया सांगावे : कॅसिनो नसल्याने वेळ रिकामा वाटला का, आणि असल्यास त्याचा आवाज व सिगारेटचा धूर केबिनपर्यंत पोहोचत होता का? आरक्षणापूर्वी कंपनीला नेमके काय विचारून घ्यावे, हेही कळवावे.