जेलमधून सुटताना कैद्याचे पैसे किऑस्कने परत द्यायचेत, कॅश की कार्ड?

पुण्याचा_टेस्टर
नमस्कार मंडळी. मी पुण्यात एका छोट्या कंपनीत टेस्टिंगला आहे, अमेरिकेतल्या एका काउंटी जेलसाठी आम्ही किऑस्कचं, म्हणजे एटीएमसारख्या पैसे घेणाऱ्या-देणाऱ्या मशीनचं, सॉफ्टवेअर करतोय. माणूस पकडून आणला की बुकिंगच्या (जेलमध्ये नोंद करण्याच्या) वेळी त्याच्या खिशातली कॅश मशीनने मोजून घ्यायची, त्याच्या नावच्या ट्रस्ट अकाउंटला जमा करायची, आणि सुटताना जी काही रक्कम उरली असेल ती बाहेर पडायच्या दाराजवळच्या किऑस्कवर त्याला द्यायची. घेण्याचा भाग झालाय, द्यायच्या भागावर गाडी अडलीय. क्लायंट म्हणतो सरळ प्रीपेड डेबिट कार्ड द्या, नोटा भरायची कटकट नाही, चिल्लर नाही, हिशोब सोपा. टीममध्ये सगळे हो म्हणाले, पण मी स्क्रीन टेस्ट करत होतो तेव्हा कार्डची फी किती हे एकाही स्क्रीनवर दिसेना, ते कार्डाच्या पाकिटातल्या बारीक अक्षरातल्या कागदावर आहे. म्हणजे माणसाकडून नोटा घ्यायच्या आणि त्याला न विचारता फी लागणारं कार्ड हातात द्यायचं, मला हे पटत नाहीये. कुणी या लाइनमध्ये काम केलंय का? आणि मशीन पैसे देता देता मध्येच अडकलं तर काय करतात?

न्यूजर्सीची_मेघना
दादा तुम्हाला जे खटकलं त्यावर इथे कोर्टकचेऱ्या होऊन गेल्यात, ते आधी क्लायंटला सांगा. ओरेगनमधल्या मुल्टनोमा काउंटीत २०१४ मध्ये एका बाईंना निदर्शनात अटक झाली, त्यांच्याकडे ३०.९७ डॉलर रोख होते, सुटताना त्याच्या बदल्यात प्रीपेड कार्ड दिलं आणि काही दिवसांतच महिन्याची ५.९५ डॉलर फी सुरू. एकतीस डॉलरमधले सहा बघा, जवळजवळ पाचवा हिस्सा! त्या कोर्टात गेल्या, आणि २०२० मध्ये वरच्या फेडरल कोर्टाने केस पुढे चालू द्या असं सांगितलं. त्यानंतर २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये सीएफपीबीने (ग्राहकांच्या आर्थिक हक्कांसाठीची अमेरिकन सरकारी संस्था) जेपे या कैद्यांच्या पैशांचे व्यवहार करणाऱ्या कंपनीला ४० लाख डॉलर लोकांना परत द्यायला लावले आणि वर २० लाख डॉलर दंड केला. त्यात एक मुद्दा गेट मनीचा होता. सुटताना सरकार हातात जे थोडे पैसे देतं (कॅलिफोर्नियात २०० डॉलर, १९७३ पासून तेवढेच!) ते मिळवायचे तर आमचंच कार्ड घ्या अशी सक्ती करणं कायद्यात बसत नाही.

मी तीन वर्षं अशाच एका प्रॉडक्टवर होते, नाव घेत नाही. आम्ही ऑफिसात बसून समजत होतो की कार्ड म्हणजे सोय. एकदा साइटवर गेले तेव्हा रात्री अडीचला एक पोरगा सुटला, फोनची बॅटरी संपलेली, हातात पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी, त्यात बेल्ट, बुटाच्या नाड्या आणि ते कार्ड. कार्ड चालू करायला फोन करावा लागतो. बस ड्रायव्हर कार्ड घेत नाही. तो मलाच विचारत होता की यातून पैसे कुठे निघतात, आणि मला त्याला उत्तर देता येईना, मीच त्या स्क्रीनची डिझाइन केली होती. त्या रात्रीनंतर मी मीटिंगमध्ये गप्प बसले नाही. चेक हा पण उपाय नाही हं, ज्याचं बँकेत खातंच नाही तो चेक वटवणाऱ्या दुकानात जातो आणि तिथे वेगळी फी.

निवृत्त_लेखनिक
अमेरिकेचं मला माहीत नाही पण आपल्याकडे कारागृहाच्या ऑफिसात माझी सगळी नोकरी झाली. आपल्याकडे बंद्याची रोकड त्याच्या पीपीसी खात्यावर (बंद्याच्या खाजगी रोकडीचं खातं) असते, घरून मनीऑर्डर आली की तीही तिथेच, कँटीनचा खर्च त्यातून वजा. कामाची मजुरी हा तर त्याचा हक्क, सुप्रीम कोर्टाने १९९८ मध्येच सांगितलंय. आता काही लोक म्हणतात मशीन आणा, सगळं स्वच्छ होईल. मशीन आणा, माझी हरकत नाही, उलट मी वहीतली खाडाखोड डोळ्यांनी बघितलीय आणि त्याचं दुःख अजून आहे. पण एक गोष्ट विसरू नका. सुटकेच्या दिवशी मी नोटा बंद्याच्या समोर मोजायचो, मग त्याच्याकडून मोठ्याने मोजून घ्यायचो, मगच अंगठा. जळगावकडचा एक म्हातारा होता, चौदाशे ऐंशी रुपये निघाले, त्याने तीन वेळा मोजले, शर्टाच्या आतल्या खिशात घातले, वरून हात ठेवला आणि एसटी स्टँड कुठंय विचारलं. मागे रांग होती, पण मी त्याला घाई केली नाही. तुमच्या किऑस्कवर तीस सेकंदांत स्क्रीन जात असेल तर तो वेळ वाढवा भाऊ.

कॅश_लोडिंगवाला
मध्येच अडकलं तर काय याचं उत्तर मी देतो, १४ वर्षं एटीएम दुरुस्त करतोय. नोटा कॅसेटमधून (नोटांच्या पेटीतून) उचलल्या जातात, दोन चिकटल्या की जाडीच्या सेन्सरला कळतं आणि त्या रिजेक्ट बिनमध्ये जातात, गठ्ठा शटरपाशी आला आणि माणसाने वेळेत घेतला नाही तर आत ओढून घेतला जातो. त्यामुळे "पैसे दिले" हे खात्यावर कधी लिहायचं हाच खरा प्रश्न, गठ्ठा बाहेर निघाला तेव्हा नाही, माणसाने ओढून घेतला हे सेन्सरने सांगितल्यावर. मधल्या वेळेत व्यवहार "अपूर्ण" म्हणून पडून राहू द्या आणि ईजेमध्ये (मशीनच्या इलेक्ट्रॉनिक नोंदवहीत) प्रत्येक नोटेची हालचाल येऊ द्या. लाइट गेली आणि परत आली की मशीनने आपोआप दुसऱ्यांदा पैसे द्यायचे नाहीत आणि माणसाला रिकाम्या हाती पण पाठवायचं नाही, तिथे ड्युटीवरच्या माणसाला बोलवा, दोघांच्या किल्लीने तिजोरी उघडा, रिजेक्ट बिन मोजा. चिल्लरसाठी हॉपर (नाणी मोजून देणारा डबा) लावा, तो काही फार महाग नाही. सत्त्याण्णव सेंट बुडवले तर ती चोरीच की.

पुण्याचा_टेस्टर
सगळ्यांचे खूप आभार, काका तुमचं वाचून जरा वेळ काहीच टाइप करता आलं नाही. काल कॉलवर मेघनाताईंनी दिलेले दोन्ही दाखले मांडले, क्लायंटचा वकील पहिल्यांदाच कॉलवर बोलला. ठरलं असं की कॅश हाच पहिला पर्याय, नाणी हॉपरमधून, कार्ड फक्त मागितलं तर आणि फी त्याच स्क्रीनवर मोठ्या अक्षरात. टाइमआउट दोन मिनिटं केलाय, अजून वेळ हवा असेल तर वेगळं बटण. लोडिंगवाले दादा, आज शटरपाशी गठ्ठा असताना मशीनची वायर काढून बघितली, खात्यावर "दिले" असं लिहून मोकळं झालं होतं. बग टाकलाय. उद्या चिकटलेल्या नोटांचा टेस्ट आहे, त्यासाठी जुन्या नोटा लागतील, नवीन नोटांनी तो सेन्सर खरा तपासला जातो का?