अनुभव धागा : घरातली धूळ, बुरशी, शिंका आणि दमा. तुम्ही घरात काय बदललंत?

धागाकर्ती, सातारा

लेकीला सकाळी डोळे उघडताच शिंका सुरू व्हायच्या. सलग दहा-बारा. मग नाक चोंदायचं, डोळे लाल व्हायचे आणि तेवढ्यात शाळेची रिक्षा दारात. तीन वर्षं आम्ही रस्त्याच्या धुळीला दोष देत राहिलो.

शेवटी डॉक्टरांनी हातावर थेंब टाकून सुईने टोचायची चाचणी केली. त्याआधी काही दिवस ॲलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर चाचणीत काही दिसत नाही. किती दिवस ते डॉक्टरच सांगतात. पंधरा-वीस मिनिटांत एकाच थेंबाभोवती गांधी उठली. तो थेंब होता घरच्या धुळीतल्या माइटचा. हा जीव जेमतेम ०.३ मिलिमीटरचा. आपल्या अंगावरून झडलेल्या कातडीवर जगतो, दमट हवेत फोफावतो आणि सगळ्यात जास्त सापडतो तो गादी-उशीत. मुख्य त्रास त्याच्या विष्ठेचा. म्हणजे रस्ता राहिला बाजूला, पोर रोज रात्री तोंडावर घेऊन झोपत होती ती आजीची वाकळ.

सासूबाईंनी आपल्या जुन्या लुगड्यांची शिवलेली ती वाकळ. टाकून देऊ या असं म्हणायची माझी हिंमत झाली नाही. त्याच म्हणाल्या, "पोरीच्या जिवापेक्षा मोठी हाय का ती?" आणि कात्री घेऊन उसवायला बसल्या. पाच थर निघाले. मधल्या थरांच्या शिवणीत राखाडी पिठीसारखी धूळ बसलेली होती, बोटाला चिकटत होती. बंबातलं कढत पाणी टबात ओतून एकेक थर काठीने ढवळला. माइट मरायला पाणी ५५-६० अंश तरी हवं, गार पाण्यात ते मरत नाहीत. मग दोन दिवस कडक उन्हात. शिवताना दोनच थर घेतले, आता ती मशीनमध्ये मावते.

गादी-उशांना चेनच्या घट्ट विणीच्या खोळी घातल्या. चादरी दर आठवड्याला गरम पाण्यात. शिंका दीड-दोन महिन्यांत कमी झाल्या, पूर्ण गेल्या नाहीत. तुमचे अनुभव लिहा, फसलेले उपायसुद्धा.

कराड

फसलेला उपाय माझा. जुनी कापसाची गादी पिंजून घ्यावी म्हणून गच्चीवर उसवली. ह्यांना दमा, तरी मदतीला आले. अर्ध्या तासात धाप लागली आणि रात्र दवाखान्यात गेली. असलं काम दम्याच्या माणसाने करू नये, त्या वेळी जवळपास थांबूही नये. आता आम्ही झाडूच्या आधी ओलं फडकं फिरवतो. ह्यांच्या खोलीची झाडलोट ते बाहेर गेल्यावर.

सांगली, गावभाग

आमचं दुखणं बुरशीचं. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. आमच्या तळमजल्यात पुरुषभर पाणी होतं. पाणी ओसरलं, पण भिंती आतून ओल्याच होत्या. दिवाळी तोंडावर, घर कसंतरी दिसावं म्हणून आम्ही रंग देऊन टाकला. ती मोठी चूक. डिसेंबरात कपाट सरकवलं तर मागे भिंतभर काळे ठिपके आणि कुबट वास. वडिलांचा खोकला तोवर कशानेच थांबत नव्हता, आणि त्यांची कॉट त्याच भिंतीला लागून होती.

फुगलेला गिलावा विटेपर्यंत खरवडला, तोंडाला मास्क बांधून, वडिलांना वरच्या मजल्यावर हलवून. भिंत उन्हाळाभर तशीच उघडी ठेवली. दिसायला वाईट, पण सुकली. कपाटं आता भिंतीपासून वीतभर पुढे असतात. २०२१च्या जुलैत पुन्हा पाणी आलं, तेव्हा रंगाची घाई केली नाही. एक कळकळीची विनंती : बुरशीवर ब्लीच वापरलंत तर त्यात संडास धुवायचं ॲसिड कधीही मिसळू नका. विषारी क्लोरीन वायू निघतो.

पाटण

आमच्याकडे पावसाळ्यात ऊन म्हणून दिसत नाही. गाद्या वाळवायच्या कशा?

धागाकर्ती

ताई, गादी धुवायच्या फंदात पडू नका, ओल आतच राहते. खोळ घाला आणि खोळीवरची चादर तेवढी धुवा. ओले कपडे झोपायच्या खोलीत वाळत घालू नका, त्यानेच हवा दमट होते. पाऊस उघडला की समोरासमोरच्या खिडक्या उघडा.

मिरज

आमच्याकडे मांजर. केसांपेक्षा तिच्या लाळेतल्या आणि कातडीतल्या प्रथिनांचा त्रास होतो, आणि ती अंग चाटते तेव्हा ते सगळं केसांवर पसरतं. काळजावर दगड ठेवून तिला आत्याकडे पाठवलं. तरी मुलाचं नाक वाहतच राहिलं. चाचणी चुकली असं वाटायला लागलं होतं. पण मांजर गेल्यावरही हे कण सोफ्यात आणि पडद्यांत कित्येक महिने टिकतात. सोफ्याचं कापड बदललं, पडदे धुतले, मग फरक पडला.

तासगाव

बेदाण्याच्या शेडजवळ राहतो. गंधकाची धुरी देतात त्या दिवशी आईला श्वास लागतो. ही ॲलर्जी नव्हे, धुराने नळ्या आवळतात, पण दम्याच्या माणसाला दोन्ही सारखंच. त्या दिवशी खिडक्या बंद. घरातली मच्छर कॉइल आणि देवापुढची उदबत्तीही बंद केली, समई तेवढी लावतो. शेजारच्या रिकाम्या प्लॉटातलं गाजर गवत फुलायच्या आत उपटतो, हातमोजे घालून, कारण अंगालाही खाज सुटते.

विटा

हवा शुद्ध करायचं यंत्र घेणाऱ्यांसाठी : माइटचे कण जड असतात, झटकल्यावर थोड्याच वेळात खाली बसतात, त्यामुळे यंत्राचा तिथे फारसा उपयोग नाही. मांजर किंवा धुराचा त्रास असेल तर थोडाफार होतो. आणि घर कितीही स्वच्छ केलंत तरी दम्याचा पंप (इनहेलर) मनाने बंद करू नका. आमच्या आजोबांनी बरं वाटतंय म्हणून केला होता. पंधराव्या दिवशी ऑक्सिजनवर होते.

धागाकर्ती

विट्याच्या दादांनी लिहिलं ते सगळ्यांनी वाचा. लेकीचा नाकातला फवारा आमच्याकडेही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच चालू आहे. सासूबाईंना हे सगळं वाचून दाखवलं. त्यांनी धाकट्यासाठी नवी वाकळ शिवायला घेतलीय, दोन थरांची. टाके लांब-लांब घातलेत, पुढे उसवायला सोपं जावं म्हणून.